फ्रीझ, व्हर्जिनिया: एक गिरणीगाव आणि कंट्री म्युझिकच्या पहिल्या रेकॉर्ड्स (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहते. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, तिसरी पाळी, साचेखातं. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर गिरणीचं गाव कुठे दिसलं की माझी गाडी आपोआप तिकडे वळते, आणि असंच एकदा फिरता फिरता मला फ्रीझ सापडलं. तेव्हापासून ओळखीतल्या मराठी लोकांना मी इतक्या वेळा या गावाबद्दल सांगितलंय की त्यांचे प्रश्न मला पाठ झालेत. ते सगळे इथे एका जागी लिहून ठेवतेय.

फ्रीझ आहे कुठे? आणि हे नाव काय?

व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, ग्रेसन काउंटीत, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला लागून. ब्लू रिजचे डोंगर आणि खाली न्यू रिव्हर नदी. नाव न्यू असलं तरी ही नदी जगातल्या फार जुन्या नद्यांमध्ये मोजतात, आणि ती वाहते उत्तरेकडे. २०१० च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती ४८४. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढं गाव.

इंग्रजीत बघितलं तर बटाट्याच्या फ्राइजचंच स्पेलिंग, पण गावातली माणसं फ्रीझ म्हणतात. गंमत म्हणून हेही सांगतात की हिवाळ्यात फ्रीझ आणि उन्हाळ्यात फ्राइज. नाव आलं कर्नल फ्रान्सिस हेन्री फ्रीझ या विन्स्टन-सेलमच्या कारखानदारावरून. त्याने नदीवर धरण बांधलं, त्या पाण्याच्या जोरावर कापसाची गिरणी काढली आणि गिरणीभोवती गाव वसवलं. १९०२ मध्ये गावाला सनद मिळाली, १९०३ च्या सुमारास गिरणी सुरू झाली. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, भोंगा कंपनीचा. डोंगरात कणसं पिकवून जेमतेम पोट भरणारी कुटुंबं खाली उतरून पगारावर लागली.

या गावाचा कंट्री म्युझिकशी काय संबंध? थोडक्यात सांगा ना.

थोडक्यात असं, की १९२३ ते १९२७ या चार-पाच वर्षांत ज्यांनी डोंगरातली गाणी पहिल्यांदा रेकॉर्डवर आणली त्यातले निदान चार जण या एका छोट्या गावाशी बांधलेले होते. हेन्री व्हिटर, गिरणी कामगार. केली हॅरेल, तोही गिरणीतलाच. अर्नेस्ट स्टोनमन, सुतार, काही काळ याच गिरणीत काम केलेला आणि व्हिटरला चांगला ओळखणारा. आणि जॉन रेक्टर, गावातला दुकानदार, बॅन्जो वाजवणारा. एवढ्याशा गावातून एवढी माणसं न्यूयॉर्कला जाऊन रेकॉर्ड काढून येतात, आणि आज कंट्री म्युझिक ऐकणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना गावाचं नावही माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण कंट्री म्हणजे काउबॉय, टेक्सास, नॅशव्हिल ना? गिरणी मध्येच कुठून आली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. काउबॉयची टोपी फार नंतर आली, सिनेमामुळे. सुरुवातीचे बरेचसे गाणारे दक्षिणेतल्या कापड गिरण्यांतले कामगार होते किंवा गिरणीच्या वस्तीत वाढलेले होते. जॉर्जियाचा फिडलिन जॉन कार्सन, ज्याचं नाव पुढे येईलच, तोही अटलांटाच्या गिरणीत कामाला होता.

कारण सरळ आहे. डोंगरात एकेक घर मैल मैल लांब, तिथे गाणी आजीकडून नातीकडे जायची आणि तिथेच राहायची. गिरणीत मात्र दहा खोऱ्यांतली माणसं एका छपराखाली आली, एका आळीत राहायला लागली, पाळी सुटली की पडवीत बसून एकमेकांची गाणी उचलायला लागली. शिवाय हातात थोडा रोख पैसा, म्हणजे टपालाने मागवलेली स्वस्त गिटार परवडायला लागली (गिटार या डोंगरात उशिरा आली, त्याआधी फिडल आणि बॅन्जो). फोनोग्राफसुद्धा आला घरात. रेकॉर्ड कंपन्यांना गिऱ्हाईक इथेच मिळालं आणि गायकही इथेच. आमच्या आजोबांच्या चाळीत कोकणातली भजनं आणि घाटावरचे पोवाडे एकाच जिन्यात ऐकू यायचे म्हणे, त्यामुळे मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

एक खुलासा करते, कारण गोंधळ होतो. हा बॅन्जो म्हणजे आपल्या गणपतीतल्या बेंजो पार्टीतला बेंजो नव्हे. आपला तो बटणांचा, पेटीसारखा. इकडचा बॅन्जो म्हणजे कातडं ताणलेल्या गोल कड्याला लांब दांडी आणि तारा. आणि फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त वाजवायची तऱ्हा वेगळी.

हेन्री व्हिटर कोण होता?

१८९२ मध्ये फ्रीझजवळच जन्मला. गिटार, फिडल, माउथऑर्गन, जे हातात येईल ते वाजवायचा आणि पोटासाठी गिरणीत जायचा. आवाज नाकातला, सुरेल म्हणावा असा नाही, गिटारही साधीच. पण या माणसात एक गोष्ट होती जी त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणात नव्हती, ती म्हणजे धाडस. त्याने ठरवलं की आपण जे वाजवतो ते रेकॉर्डवर जाण्यासारखं आहे, आणि कुणी बोलावलेलं नसताना, ओळख ना पाळख, तो स्वतःहून न्यूयॉर्कला ओके रेकॉर्ड्सच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. त्याच्या म्हणण्यानुसार ही गोष्ट मार्च १९२३ ची. कंपनीने चाचणी म्हणून काहीतरी रेकॉर्ड करून घेतलं आणि ठेवून दिलं फळीवर. व्हिटर परत गिरणीत.

मग पहिली कंट्री रेकॉर्ड व्हिटरची का?

नाही, आणि गावाच्या प्रेमापोटी मी तसं म्हणणारही नाही. जून १९२२ च्या शेवटी ‘एक’ (Eck, हे त्याचं नाव) रॉबर्टसन आणि हेन्री गिलिलँड या दोन फिडलवाल्यांनी न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीत रेकॉर्डिंग केलं होतं. त्यानंतर जून १९२३ मध्ये ओकेसाठी रेकॉर्डिंग करून घेणारा राल्फ पीअर अटलांटाला गेला आणि तिथे त्याने फिडलिन जॉन कार्सनला रेकॉर्ड केलं. पीअरला ते गाणं अजिबात आवडलं नव्हतं, पण पोल्क ब्रॉकमन नावाच्या स्थानिक व्यापाऱ्याने ५०० कॉपी मागितल्या, त्या हा हा म्हणता संपल्या, आणि मग कंपनीचे डोळे उघडले. तेव्हा कुठे फ्रीझच्या त्या गिरणीवाल्याची आठवण झाली. डिसेंबर १९२३ मध्ये व्हिटरला पुन्हा बोलावलं, आणि १९२४ च्या सुरुवातीला त्याची रेकॉर्ड बाजारात आली, एका बाजूला ‘रेक ऑन द सदर्न ओल्ड ९७’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लोनसम रोड ब्लूज’.

म्हणजे पहिला नव्हे, पण पहिल्या तीन-चार जणांत. आणि ऐकणाऱ्यांवर परिणाम बघायचा तर मी त्याला फार वर ठेवेन, कारण त्याची रेकॉर्ड ऐकून किती जणांनी “हे तर मीही करू शकतो” म्हणून घर सोडलं ते पुढे बघाच.

तेव्हा रेकॉर्डिंग करायचे कसं? माइक होते का?

१९२३ मध्ये नाही. विजेचं रेकॉर्डिंग आलं १९२५ मध्ये. त्याआधी सगळं यंत्रावर. खोलीत भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला असायचा, गाणारा त्या कर्ण्याच्या तोंडाशी उभा. आवाजाच्या लाटा कर्ण्यातून निमुळत्या होत आत जायच्या, पलीकडे एक पातळ पडदा थरथरायचा, त्या पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड तबकडीवर खाच कोरत जायची. बस्स, एवढंच. मेण थोडं गरम ठेवावं लागायचं, नाहीतर सुई नीट कापत नाही. वेळ साधारण तीन मिनिटं, त्यात गाणं बसवायचं. मध्ये खोकला आला, शब्द चुकला तर ती तबकडी गेली, नवी घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू.

आता यात व्हिटर कसा होता बघा. गळ्यात तारेची चौकट अडकवलेली, तिच्यात माउथऑर्गन, हातात गिटार. एक ओळ गायची, मान जराशी पुढे करून माउथऑर्गनवर ती फुंकायची, परत गायचं, आणि हे सगळं त्या कर्ण्यापासून तोंड न हलवता. एकटा माणूस पूर्ण बँड होऊन उभा. रेकॉर्ड ऐकताना ते मान वळवणं मला दिसतं, कारण शब्द आणि माउथऑर्गन यांच्यामध्ये एक इवलासा श्वास आहे प्रत्येक वेळी.

‘ओल्ड ९७’ म्हणजे काय? हे तर जॉनी कॅशचं गाणं ना?

जॉनी कॅशनेही गायलं, पण त्याच्या खूप आधीचं. ९७ नंबरची सदर्न रेल्वेची जलद टपालगाडी, वॉशिंग्टनहून अटलांटाला जाणारी. २७ सप्टेंबर १९०३ ला गाडी लेट झाली होती, वेळ भरून काढायला ड्रायव्हर जोसेफ ब्रॉडीने, ज्याला स्टीव्ह म्हणायचे, वेग वाढवला आणि व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलजवळ उतारावर, स्टिलहाउस ट्रेसल या पुलावरून गाडी खाली दरीत गेली. ११ माणसं मेली, ब्रॉडी त्यातच. त्यावर लोकांनी जुन्या चालीवर गाणी बांधली, ती तोंडोतोंडी फिरत फ्रीझच्या गिरणीत पोचली आणि तिथून व्हिटरबरोबर न्यूयॉर्कला.

पुढची गोष्ट मात्र जीव जळवणारी आहे. टेक्सासचा व्हर्नन डालहार्ट, ऑपेराच्या धाटणीत तयार झालेला गायक, त्याने व्हिटरची रेकॉर्ड ऐकून ऐकून तेच गाणं १९२४ मध्ये गायलं, आधी एडिसन कंपनीसाठी आणि मग व्हिक्टरसाठी. व्हिटरचे उच्चार डोंगरी, आवाज नाकातला, त्यात कर्ण्याचं रेकॉर्डिंग, त्यामुळे काही शब्द डालहार्टला कळलेच नाहीत. उतारावर गाडीचा ‘एअरब्रेक’ गेला, याच्या जागी गाडीचा ‘अॅव्हरेज’ गेला असं त्याने गायलं, आणि ते तसंच देशभर पसरलं! व्हिक्टरची ती रेकॉर्ड, मागच्या बाजूला ‘द प्रिझनर्स साँग’, दहा लाखांच्या वर खपली, कंट्रीतली तशी पहिलीच म्हणतात.

नंतर डेव्हिड ग्रेव्ह्ज जॉर्ज नावाच्या एका स्थानिक माणसाने गाणं माझं म्हणून व्हिक्टरवर दावा लावला, खालच्या कोर्टात जिंकला आणि वरच्या कोर्टात हरला, ते प्रकरण कितीतरी वर्षं चाललं. पैसा कंपनीचा झाला, नाव डालहार्टचं झालं. ज्याच्या गळ्यातून हे गाणं पहिल्यांदा मेणावर उतरलं त्या व्हिटरचं नाव फक्त अभ्यासकांच्या वह्यांत उरलं.

स्टोनमनची गोष्ट काय?

ही माझी आवडती. अर्नेस्ट स्टोनमन, पुढे ज्याला सगळे पॉप म्हणायला लागले. १८९३ चा जन्म, शेजारच्या कॅरोल काउंटीत. तीन वर्षांचा असताना आई गेली. सुतारकाम करायचा, काम असेल तिकडे जायचा. वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्डला कामाला असताना त्याने व्हिटरची नवी रेकॉर्ड ऐकली. ओळखीचा माणूस, आपल्याच गिरणीतला, आणि त्याचा आवाज यंत्रातून येतोय! स्टोनमनला वाटलं, हा गाऊ शकतो तर मी याच्यापेक्षा चांगलं गाईन. घरी बायकोला हॅटीला सांगितलं आणि १९२४ मध्ये तोही न्यूयॉर्कला गेला.

त्याने ‘टायटॅनिक’ बुडाल्याचं गाणं रेकॉर्ड केलं. पीअर म्हणाला फार घाईत गातोस, त्यामुळे पहिला प्रयत्न बाद. जानेवारी १९२५ मध्ये परत जाऊन सावकाश गायला, आणि ती रेकॉर्ड चांगली चालली. त्यानंतर दोन-तीन वर्षं या माणसाने इतक्या कंपन्यांसाठी इतकं रेकॉर्ड केलं की विचारू नका, आणि प्रत्येक वेळी गावाकडचे वाजवणारे बरोबर घेऊन गेला.

मग मंदी आली. अमेरिकेत रेकॉर्ड्सचा खप १९२७ मध्ये १० कोटींच्या वर होता तो १९३२ मध्ये ६० लाखांवर आला. स्टोनमनचं घर गेलं, सामान गेलं, कुटुंब वॉशिंग्टनजवळ येऊन कसंबसं राहिलं. हॅटीला एकूण २३ मुलं झाली, सगळी जगली नाहीत. स्टोनमन नौदलाच्या तोफांच्या कारखान्यात कामाला लागला. पण प्रत्येक पोराच्या हातात वाद्य दिलं, त्यांना शिकवलं. १९५६ मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत त्याने १०,००० डॉलर जिंकले, आणि १९६७ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने पहिल्यांदाच दिलेलं सर्वोत्तम गायनसमूहाचं बक्षीस स्टोनमन कुटुंबाला मिळालं. पुढच्याच वर्षी तो गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००८ मध्ये, म्हणजे मेल्यावर ४० वर्षांनी.

‘हिलबिली’ हा शब्द फ्रीझवाल्यांमुळे आला हे खरं का?

शब्द आधीपासून होता, डोंगरातल्या गावंढळ माणसाला हिणवून म्हणायचा. पण गाण्याच्या प्रकाराचं नाव म्हणून तो चिकटला त्यात फ्रीझचा दुकानदार आहे. जॉन रेक्टर १९२४ मध्ये व्हिटरबरोबर न्यूयॉर्कला वाजवून आला होता. त्याला वाटत होतं याहून चांगला ताफा उभा करता येईल. गॅलॅक्स गावात, फ्रीझपासून जवळच, टोनी आल्डरमन न्हावीकाम करायचा आणि फिडल वाजवायचा. त्याच्या न्हाव्याच्या दुकानात हॉपकिन्स भाऊ आले, रेक्टर आला, आणि बँड जमला. जानेवारी १९२५ मध्ये ओकेकडे सहा गाणी रेकॉर्ड झाली. पीअरने विचारलं नाव काय लिहू. अॅल हॉपकिन्स म्हणाला, आम्ही काय, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाचे हिलबिली, काहीही म्हणा. पीअरने कारकुनाला सांगितलं, लिही ‘द हिल बिलीज’.

घरी येताना पोरांना धास्ती होती, कारण हा शब्द ऐकून तिकडे मारामाऱ्या व्हायच्या, गावाकडचे काय म्हणतील. पण स्टोनमनला सांगितलं तर तो खो खो हसला आणि म्हणाला याहून भारी नाव मिळणार नाही. पुढे कित्येक वर्षं हा सगळा संगीतप्रकारच हिलबिली म्हणून विकला गेला, ‘कंट्री’ हे नाव रूढ व्हायला १९४० चं दशक उजाडलं.

केली हॅरेलचं नाव कुठे ऐकलंय असं वाटतं…

‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ या १९५२ च्या संग्रहात ऐकलं असेल, बॉब डिलनच्या पिढीने जो अक्षरशः घोटून घोटून ऐकला. त्यात हॅरेलची गाणी आहेत. गिरणीतला माणूस, आवाज मोकळा आणि गोड, व्हिटरपेक्षा कितीतरी चांगला गायक. वाद्य मात्र एकही येत नव्हतं. म्हणून साथीला माणसं लागायची, आणि मंदीच्या तोंडावर कंपनीने साथीदारांचे पैसे द्यायचं बंद केल्यावर त्याचं रेकॉर्डिंगच थांबलं. त्याने रचलेलं एक गाणं कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्सने १९२७ मध्ये गायलं, तेही आपल्या पहिल्या ‘ब्लू योडल’ या गाजलेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, म्हणजे घरोघरी पोचलं. हॅरेल शेवटपर्यंत गिरणी कामगारच राहिला, नंतर फील्डेलच्या टॉवेल गिरणीत. १९४२ मध्ये गेला.

व्हिटरचं पुढे काय झालं?

१९२७ मध्ये त्याला टेनेसीचा जी. बी. ग्रेसन भेटला, माउंटन सिटीच्या फिडल स्पर्धेत. ग्रेसन जवळजवळ आंधळा, बाजारांत आणि जत्रांत फिडल वाजवून घर चालवणारा. (ग्रेसन काउंटीशी त्याचा संबंध नाही, आडनावाचा योगायोग.) व्हिटरमध्ये एक मोठेपणा होता, समोरचा आपल्यापेक्षा भारी आहे हे त्याला चटकन कळायचं. तो मागे बसला, गिटार धरली, गाणं आणि फिडल ग्रेसनला दिलं. दोन-अडीच वर्षांत त्यांनी जे रेकॉर्ड केलं ते आजही ब्लूग्रासवाले (बॅन्जो-फिडलवर वेगात वाजणारा कंट्रीचाच एक प्रकार) रोज वाजवतात, ‘हँडसम मॉली’, ‘ट्रेन ४५’, ‘लिटल मॅगी’. खुनासाठी फाशी गेलेल्या माणसावरच्या ‘टॉम डूली’ या गाण्याची पहिली रेकॉर्डसुद्धा यांचीच, १९२९, मेम्फिस. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओने वेगळ्या वाटेने आलेलं तेच गाणं गाऊन जग गाजवलं. आणि ग्रेसनकडे ते गाणं घरातलं होतं, कारण टॉमला पकडून देण्यात ज्या ग्रेसनचं नाव गाण्यात येतं तो याच घराण्यातला.

ऑगस्ट १९३० मध्ये ग्रेसन एका गाडीच्या बाहेरच्या पायफळीवर उभा राहून चालला होता, तेव्हा लोक असे सर्रास जायचे, आणि लाकडाच्या ट्रकशी टक्कर झाली. जागीच गेला. ४२ वर्षांचा होता. व्हिटर यातून सावरला नाही. मधुमेहाने पोखरला गेला आणि १९४१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मॉर्गनटनच्या इस्पितळात वारला. पन्नाशीही गाठली नाही.

कंट्री म्युझिकचं जन्मगाव ब्रिस्टल आहे असं वाचलं, मग फ्रीझचं काय?

टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलला तो मान अमेरिकन काँग्रेसनेच दिलाय, १९९८ मध्ये, आणि ब्रिस्टलबद्दल माझी काही तक्रार नाही. २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७, राल्फ पीअर आता व्हिक्टरसाठी काम करत होता, त्याने टोप्यांच्या एका जुन्या गोदामात यंत्र मांडलं आणि १९ गायक-ताफ्यांची ७६ गाणी घेतली. त्यात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीचे पहिले मोठे तारे सापडले. पुढचं सगळं इतिहासात आहेच.

पण ते तिथे आले कसे, हे बघा. पहिल्या दिवशी पीअरने कुणाला बोलावलं? स्टोनमनला, कारण तोच त्याचा भरवशाचा माणूस होता. दोन दिवसांनी स्थानिक पेपरात बातमी आली की या स्टोनमनला दिवसाला १०० डॉलर मिळतात, साथीदारांना २५, आणि मागच्या वर्षी त्याने कंपनीकडून ३,६०० डॉलर कमावले. गिरणीत आणि शेतात घाम गाळणाऱ्या माणसाने हा आकडा वाचला आणि डोंगरात जणू वणवा लागला. पीअर नंतर सांगायचा की फोनवर फोन आले, ज्यांनी आयुष्यात कधी ब्रिस्टल बघितलं नव्हतं अशी माणसं बस, घोडागाडी, पायी, मिळेल तशी आली. रॉजर्ससुद्धा याच गर्दीच्या दिवसांत आला. व्हिटरही होता तिथे, माउथऑर्गनवर कोल्ह्याच्या शिकारीचा तुकडा वाजवून गेला.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, ब्रिस्टलला दिवा लागला हे खरं, पण काडी फ्रीझच्या गिरणीत ओढली गेली होती. व्हिटर गेला नसता तर स्टोनमन गेला नसता, आणि स्टोनमन नसता तर ती बातमी छापून आली नसती.

हे सगळं गोऱ्यांचंच संगीत होतं का?

नाही. बॅन्जोच मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आला. ब्लूज, गिटारची बोटं, कितीतरी गाणी काळ्या वादकांकडून आलेली. कार्टर कुटुंबाच्या ए. पी. कार्टरबरोबर गाणी गोळा करत फिरणारा लेस्ली रिडल काळा गिटारवादक होता. पण दक्षिणेतल्या गिरण्यांमध्ये साच्यावरची कामं त्या काळात गोऱ्यांनाच द्यायचे, आणि रेकॉर्ड कंपन्यांनी तर यादीच दोन केल्या, काळ्यांच्या रेकॉर्ड्स वेगळ्या आणि हिलबिली वेगळ्या. डोंगरात जे मिसळलेलं होतं ते कॅटलॉगने फोडलं. फ्रीझची गोष्ट अभिमानाने सांगताना हेही सांगायलाच पाहिजे.

बायका कुठे होत्या यात?

हॅटी स्टोनमन फिडल वाजवायची, उत्तम, १९२६ पासून तिचं वाजवणं रेकॉर्ड्सवर आहे. एकीकडे बाळंतपणं आणि एकीकडे रेकॉर्डिंग. तिच्या मुली डोना मँडोलिनवर आणि रोनी बॅन्जोवर पुढे नावारूपाला आल्या.

एवढं सगळं असून गाव विसरलं कसं गेलं?

एकतर गावात रेकॉर्डिंग झालंच नाही, माणसं बाहेर गेली. न्यूयॉर्क, अटलांटा, मेम्फिस, ब्रिस्टल, तिथे पाट्या लागल्या. दुसरं, व्हिटरचा आवाज पुढच्या पिढीला खरखरीत वाटला. आणि तिसरं, गिरणीच गेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी ती बंद पडली, नंतर इमारत पाडली. गिरणी गेली की गिरणीची आठवण सांगणारी माणसं पांगतात, हे लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको.

बघायला जायचं असेल तर काय आहे तिथे?

शार्लट किंवा ब्लॅक्सबर्गहून इंटरस्टेट ७७ पकडायचा, हिल्सव्हिलला उतरून गॅलॅक्स, तिथून फ्रीझ. धरण आहे, नदीचा आवाज आहे, चढावर ओळीने कंपनीची जुनी लाकडी घरं. गिरणीच्या जागी रिकामं मैदान. रेल्वेचे रूळ काढून त्याचा न्यू रिव्हर ट्रेल केलाय, ५७ मैलांचा, त्याची एक शाखा फ्रीझला संपते, सायकल घेऊन जा. मी नोव्हेंबरात गेले होते, धरणाजवळ एक वयस्कर बाई कुत्र्याला फिरवत होत्या, मी गिरणीबद्दल विचारलं तर त्यांनी हाताने हवेत रेघ ओढून दाखवली, इथून तिथपर्यंत होती म्हणाल्या, आणि मग बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.

जमलं तर ऑगस्टमध्ये जा. गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांचं मोठं संमेलन भरतं, पार्किंगमध्ये रात्रभर लोक गोल करून वाजवत बसतात. ब्लू रिज पार्कवेवर मैल २१३ ला ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे, तिथलं प्रदर्शन चांगलं आहे.

ऐकायचं कुठे? कॉपीराइटचं काय?

अमेरिकेच्या नव्या कायद्याने जुन्या रेकॉर्ड्स वर्षागणिक मोकळ्या होतायत. १९२४ मध्ये निघालेल्या रेकॉर्ड्स १ जानेवारी २०२५ पासून तिकडे सार्वजनिक झाल्या, म्हणजे व्हिटरची ती पहिली रेकॉर्डसुद्धा. यूट्यूबवर नाव टाका, लगेच मिळते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने काय ऐकावं? मला तो आवाज झेपेल का?

आधी ग्रेसन आणि व्हिटरचं ‘हँडसम मॉली’ लावा, ते कुणालाही आवडतं. मग हॅरेल. मग स्टोनमनचं ‘टायटॅनिक’. कान तयार झाला की हेडफोन लावून व्हिटरच्या ‘ओल्ड ९७’कडे या. पहिली दहा सेकंद नुसती खरखर येईल, बंद करू नका. गिटार सुरू होईल, माउथऑर्गन येईल, आणि मग पहिल्या ओळीच्या आधी तो एक छोटा श्वास घेतो, तो ऐका.